सणांच्या निमित्ताने ३ ते ६ वर्षांच्या मुलांना राग, भीती, हिरमोड ओळखायला शिकवणे: उपक्रम, साहित्य, अडचणी

बालवाडी_महाल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. श्रावण संपता संपता आपल्या नागपुरात सणांची रांगच लागते. पिठोरी अमावस्येला पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा (मुलांचा लाकडी नंदींचा पोळा) आणि मारबत (इडापिडा घेऊन जाणारा मोठा पुतळा, मिरवणुकीने गावाबाहेर नेतात), मग हरतालिका, गणपती. मोठ्यांसाठी हे चार-पाच दिवस उत्साहाचे. लहान मुलांच्या मनात मात्र याच दिवसांत बरंच काही उसळतं. शेजारच्याचा नंदी मोठा म्हणून रुसवा, ढोलताशांची धडकी, बोजारा (नंदी घेऊन घरोघरी गेल्यावर मिळणारे पैसे, खाऊ) कमी मिळाला म्हणून हिरमोड, आणि झोप न झाल्याने चिडचिड तर दिवसभर.

बहुतेक वर्गांत भिंतीवर पिवळ्या हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता असतो. मुलं तो घडाघडा म्हणतात. पाच मिनिटांनी हातातलं खेळणं कोणी हिसकावलं की त्यातला एकही शब्द तोंडात येत नाही, हात उठतो. म्हणून वाटतं की ज्या दिवसांत या भावना खरोखर येणार हे आधीपासून माहीत आहे, त्याच दिवसांभोवती उपक्रम आखावेत.

मर्यादा सांगून ठेवते: २० ते २५ मुलं, एक ताई, एक मदतनीस, एका बैठकीला १५-२० मिनिटं. साहित्य स्टेशनरीच्या दुकानात किंवा घरात मिळेल तेवढंच.

एका कल्पनेवर मत हवं आहे. कागदाची छोटी मारबत करायची, मुलांनी आपला राग आणि भीती चित्र काढून तिला चिकटवायची आणि सगळ्यांनी मिळून "घेऊन जा गे मारबत" म्हणत ती बाहेर न्यायची. कसं वाटतं?

---

मन_आणि_मूल

ताई, कल्पना आकर्षक आहे, पण या रूपात ती करू नका असं मी स्पष्टच म्हणेन. मारबत ज्याला घेऊन जाते ती इडापिडा, रोगराई. राग आणि भीती त्या यादीत घातल्या की मुलाला कळतं ते एवढंच, की या वाईट गोष्टी आहेत आणि त्या आपल्यात असता कामा नयेत. चार वर्षांचं मूल शब्दशः विचार करतं. काल राग गावाबाहेर गेला, आज दुपारी परत आला, म्हणजे माझंच काहीतरी चुकलं. मग ते राग लपवायला शिकतं. आपल्याला नेमकं उलटं हवं आहे: राग आलेला कळावा, तो सांगता यावा, आणि हात उठण्याआधी सांगता यावा.

उपक्रमांकडे वळण्याआधी वयाचा हिशेब मांडतो, कारण बरेच उपक्रम इथेच फसतात. साधारण तीन वर्षांचं मूल "बरं वाटतंय" आणि "बरं वाटत नाहीये" एवढा फरक करतं. राग आणि वाईट वाटणं ही दोन नावं साडेतीन-चारच्या आसपास वेगळी होऊ लागतात, मागून भीती येते. नवल आणि किळस चेहऱ्यावरून ओळखणं त्याहून उशिरा जमतं. हेवा, लाज, अपराधी वाटणं या गोष्टी पाचच्या पुढे. म्हणून लहान गटाला तीनच शब्द द्या: आनंद, राग, वाईट वाटणं. मधल्या गटाला भीतीची भर घाला. हिरमोड, हेवा, उत्सुकता हे मोठ्या गटासाठी ठेवा. सगळ्यांना एकाच तक्त्यावरचे दहा चेहरे दाखवले की कोणालाच काही धड येत नाही.

दुसरं म्हणजे क्रम. आधी शरीर, मग नाव, मग कारण. "मुठी आवळल्यात. राग आलाय वाटतं. नंदीचं शिंग तुटलं ना." तीन छोटी वाक्यं, सावकाश. त्यातलं "वाटतं" गाळू नका. त्यामुळे मुलाला "नाही, मला रडू येतंय" असं म्हणायला जागा राहते, आणि दुरुस्ती करणारं मूल खरं शिकलेलं असतं.

तिसरं: मूल आकांत करत असताना शिकवणी बंद. त्या वेळी जवळ बसा, आवाज खाली, शब्द कमी. पाणी पिऊन झालं, श्वास सुरळीत झाला, की मग दोन वाक्यं बोला. खरं शिकणं दुसऱ्या दिवशी खेळातून होतं. सणाचा फायदा इथेच आहे. भावना कोणत्या दिवशी येणार हे आधी ठाऊक असतं, तेव्हा तिची रंगीत तालीम शांत डोक्याने करून ठेवता येते.

---

इतवारी_कागदकाम

मारबतीबद्दल थोडं बोलतो जी. काळी मारबत १८८१ पासून निघते आणि पिवळी १८८५ पासून. त्यांच्यासोबत जे बडगे (पुरुषी रूपाचे पुतळे) निघतात त्यांच्यावर लोकांना छळणाऱ्या गोष्टी असतात: महागाई, भ्रष्टाचार, त्या त्या वर्षी जे डोक्यावर बसलं असेल ते. म्हणजे मनातल्या भावनेला कोणी हाकलत नाही, ज्यामुळे त्रास होतो त्याला हाकलतात. तोच धागा पकडून मुलांचा बडग्या करता येतो.

साहित्य एका बडग्याला: वर्तमानपत्राची ६ ते ८ पानं, सुतळी दोन मीटर, झाडूच्या जाड काड्या किंवा बांबूची कामटी ३० सेंटिमीटरची एक आणि २० ची एक, जुनं कापड, कणकेची खळ. दोन काड्या क्रॉससारख्या बांधा, टोकं कापून त्यावर कागदी टेप गुंडाळा. नाहीतर डोळ्यात जायची भीती असते. दोन पानांचा चुरगळून गोळा म्हणजे डोकं, बाकीच्यांच्या सुरळ्या म्हणजे हातपाय. हे बांधकाम ताईंनी आदल्या दिवशी करून ठेवावं. मुलांसमोर बांधायला बसलं की १५ मिनिटं त्यातच जातात आणि पोट्टे उठून पळतात.

मुलांचं काम पुढे. "तुम्हाला कशाचा त्रास होतो?" असं विचारायचं. डास, कचरा, रस्त्यावरचे खड्डे, दात दुखणं. प्रत्येकाने तळहाताएवढ्या कागदावर चित्र काढून बडग्याला चिकटवायचं. चिकटवताना ताईंनी जोडून विचारावं, "डास चावला की कसं वाटतं?" इथे भावनेचं नाव येतं, आणि हाकलला जातो तो डास.

एक नियम सुरुवातीलाच सांगा: बडग्यावर माणसाचं नाव नाही. न सांगितल्यास हमखास कोणीतरी वर्गातल्याच मुलाचं नाव घेतं, बाकीचे ओरडून साथ देतात आणि ज्याचं नाव घेतलं त्याच्यासाठी तो दिवस फार वाईट जातो. मोठ्या गटात "ढकलणं", "चावणं" अशा कृती चालतील.

शेवटी जाळू नका. बडग्या सोडा, कागद फाडून बादलीत रात्रभर भिजवा, सकाळी लगदा होतो. तो पिळून, मूठभर मेथीची पूड आणि खळ घालून मळला की वाट्या, मुखवटे होतात.

---

मन_आणि_मूल

हे फार चांगलं झालं. फक्त एक पुरवणी. कागद फाडणं हा उपक्रमाचा भाग म्हणून ठीक आहे, पण "राग आला की फाड, उशीला बदड" असं शिकवू नये. आदळआपट केल्याने राग निवत नाही, उलट चढतो आणि तसं करण्याची सवय लागते. राग आल्यावर करायच्या गोष्टी हळू करणाऱ्या हव्यात: भिंतीला दोन्ही तळहात लावून जोरात ढकलणं आणि मनात पाच मोजणं, पाणी पिणं, भिरभिऱ्यावर फुंकर घालणं. लहानांना "दीर्घ श्वास घे" सांगून कळत नाही. ती नुसते खांदे वर करतात. भिरभिरं फिरवायला सांगितलं की श्वास आपोआप लांबतो, कारण ते सावकाश फुंकलं तरच जास्त वेळ फिरतं.

---

रेशीमबाग_कलावर्ग

तान्ह्या पोळ्यासाठी "नंदीचा चेहरा". याला मी सगळ्यात वर ठेवेन.

प्रत्येक मुलाला कार्डशीटवर नंदीच्या तोंडाची बाह्यरेषा, ए-४ च्या निम्म्या आकाराची, शिंगांसकट. सोबत सुटे तुकडे: काळ्या कागदाच्या दोन जाड भुवया (४ सेंटिमीटर लांब, १ रुंद), दोन गोल डोळे, आणि तोंडासाठी जाड लोकरीचा ८ सेंटिमीटरचा तुकडा. काहीही चिकटवायचं नाही. जमिनीवर ठेवून नुसते सरकवायचे. हीच या उपक्रमाची किल्ली आहे. चिकटवलेला चेहरा एकाच भावनेत अडकतो, पाच मिनिटांत मुलाचं काम संपतं आणि घरी नेण्याची वस्तू उरते. सुटे तुकडे असले की तोच नंदी आनंदी होतो, चिडतो, घाबरतो. भावना येते आणि बदलते हे बोटांनाच समजतं.

आता ताई प्रसंग सांगतात. "नंदी सजला, झूल घातली, गळ्यात घुंगरू, दाराशी आला आणि धो धो पाऊस आला." मुलं तुकडे सरकवतात. कोणी वाईट वाटलेला चेहरा करेल, कोणी रागावलेला, कोणी पावसात नाचणारा. तिन्ही बरोबर. "तुझ्या नंदीला असं का वाटलं?" एवढंच विचारा. एका बैठकीत तीन प्रसंग पुरे, चौथ्याला लक्ष उडतं.

कुठे बिघडतं ते सांगते. लहान गटातली मुलं चेहऱ्यात फक्त तोंड पाहतात. त्यामुळे राग आणि दुःख दोन्हींना तोंड खाली वळवून मोकळी होतात. भुवया मुद्दाम जाड ठेवायच्या त्या याचसाठी. भुवया नाकाकडे उतरल्या की राग, मधली टोकं वर गेली की वाईट वाटणं. आधी आरशात स्वतःच्या भुवया बघायला द्या. न फुटणारा छोटा आरसाच हवा. स्टीलच्या ताटलीत चेहरा वेडावाकडा दिसतो आणि मुलं हसण्यातच रमतात.

खरा लाकडी नंदी घरून आणायला सांगत असाल तर आधी विचार करा. कोणाचा वीतभर, कोणाचा चाकं लावलेला हातभर उंच. वर्गात ते शेजारी शेजारी उभे राहिले की पाच वर्षांच्या मुलाला जे वाटतं तो हेवा. त्याला तोंड द्यायची तयारी असेल तर जरूर आणा, नाहीतर सगळ्यांना मातीचे सारखे नंदी करू द्या. घरच्या घरी मळायला दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, पाऊण ते एक वाटी पाणी, चमचाभर तेल. पाणी हळूहळू घाला. पावसाळी हवेत मीठ ओलावा ओढतं आणि नंदी पाय टाकून बसतो. त्यामुळे पाय आखूड आणि जाड ठेवा.

---

आजी_धरमपेठ

सजावट स्पर्धांचं काय करावं? सगळीकडे बक्षिसं तीनच आणि नंदी पन्नास. निकालानंतरचं रडणं बघवत नाही. सगळ्यांनाच बक्षीस द्यावं का?

---

रेशीमबाग_कलावर्ग

आजी, चार वर्षांच्या आतल्यांना स्पर्धेत उभंच करू नये, नुसती मिरवणूक पुरे. त्यांना निकाल समजत नाही, फक्त "त्याला मिळालं, मला नाही" एवढं कळतं. मोठ्यांच्या बाबतीत सगळ्यांना बक्षीस दिलं तर ते बक्षीस राहत नाही, मुलांनाही ते ओळखू येतं.

दोन दिवस आधी बाहुल्यांची तालीम करा. तीन बाहुल्या, एक पेढा. पेढा एकीला मिळतो. उरलेल्या दोघींना काय वाटलं? पोटात कसं झालं? त्या काय म्हणू शकतात? वाक्य तयार करून द्या: "मला हवं होतं, मला वाईट वाटतंय." स्पर्धेच्या सकाळी सांगून ठेवा की बक्षिसं तीन आहेत, नंदी खूप आहेत, आणि नाही मिळालं तर वाईट वाटेल. निकालानंतर मूल रडलं तर लगेच आइस्क्रीमची लालूच दाखवू नका. "तुझाच छान होता, परीक्षकांना कळत नाही" असं तर अजिबात नको. मांडीवर घ्या, तेच वाक्य तुम्ही म्हणा. बहुतेक मुलं काही मिनिटांत बोजारा मोजायला लागतात.

---

बाबा_मानेवाडा

मुलगी साडेतीन वर्षांची. मारबत बघायला न्यावं का? घरचे म्हणतात, जवळून दाखवलं की भीती मोडते.

---

मन_आणि_मूल

जवळ नेऊन भीती मोडत नाही. मूल गप्प होतं, ते थिजलेलं असतं. आपल्याला वाटतं शांत झालं.

मारबत साडेतीन वर्षांच्या मुलासाठी एकाच वेळी चार गोष्टी घेऊन येते: अवाढव्य आकार, न हलणारा चेहरा, ढोलांचा आवाज, गर्दीत अनोळखी माणसांचे पाय. एकेक वेगळी करा. तीन-चार दिवस आधी फोटो दाखवा. ती बांबू, कागद, कापड यांची असते, माणसं ती बनवतात हे सांगा. जमलं तर वर म्हटलेला छोटा बडग्या घरी बांधून दाखवा. आतल्या काड्या स्वतःच्या हाताने बांधलेलं मूल बाहेरच्या रूपाला कमी घाबरतं. मग आवाज: डबा आणि लाकडी चमचा, आधी मुलीने वाजवायचा, नंतर तुम्ही, ती "बस" म्हणाली की थांबायचं.

प्रत्यक्ष दिवशी ओळखीच्या घराची गच्ची किंवा गॅलरी बघा, रस्ता नको. खाणं आणि झोप झालेली असावी. खूण ठरवा: तिने तुमचा कान धरला की निघायचं. आणि तिने कान धरला की खरोखर निघा, "अजून दोन मिनिटं" नाही. एकदा खूण पाळली गेली नाही तर पुढच्या वेळी ती खूण करणार नाही, थेट किंचाळेल.

बोलायचं असं: "केवढी मोठी आहे. आवाजही मोठा. तुला भीती वाटतेय, छाती धडधडतेय. मी धरलंय." "काही नाही होत" हे वाक्य टाळा. तिच्या शरीरात काहीतरी होतंच आहे, तेव्हा ते वाक्य तिला खोटं वाटतं.

मुखवट्यांचंही असंच. दसऱ्याचा रावण असो की नाताळचा सांता, चेहरा झाकला की लहान मुलाला समोरच्याच्या मनाचा अंदाज येत नाही. ज्याने मुखवटा घालायचा त्याने तो मुलासमोर घालावा, काढावा, पुन्हा घालावा, आणि मग मुलाच्या हातात द्यावा.

---

शाडू_आणि_चाक

गणपतीचं माझ्याकडून. विसर्जन म्हणजे दहा दिवस घरात असलेलं कोणीतरी डोळ्यांसमोर नाहीसं होणं. दुःखाचा इतका सौम्य आणि खरा प्रसंग वर्षात दुसरा मिळत नाही. पण तलावावरच्या किंवा कृत्रिम टाक्यावरच्या गर्दीत मुलाला काहीच दिसत नाही. म्हणून वर्गातली मूर्ती वेगळी, बादलीतली.

प्रत्येकी लिंबाएवढी शाडू माती, उंची पाच सेंटिमीटरच्या आसपास. रंग लावू नका, फार तर हळदकुंकू. ऑइल पेंट लावलेली मूर्ती पाणी आत घेत नाही. मूर्ती पूर्ण वाळलेली हवी, या हवेत चार-पाच दिवस तरी लागतात. लोकांना वाटतं ओलसर माती लवकर विरघळेल. उलट होतं: वाळलेली माती पाणी शोषते, बुडबुडे सोडते आणि पापुद्र्यांनी सुटत जाते. ओलसर गोळा तासन्‌तास तसाच बसून राहतो आणि मुलं कंटाळतात.

पारदर्शक भांडं घ्या. मूर्ती सोडल्यावर पहिली पाच मिनिटं शांतपणे बघू द्या. बुडबुडे येतात तेव्हा मुलं आनंदतात. कडा सुटायला लागल्या की कोणाचा तरी चेहरा उतरतो. तिथे थांबा. "बाप्पाचा हात दिसत नाही आता. वाईट वाटतंय?" मग दुपारी एकदा, घरी जाताना एकदा बघायला न्या. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी ओतून मातीत थोडी बागेची माती आणि शेणखत मिसळा, झेंडू पेरा. नुसत्या शाडूत रोप येत नाही, ती घट्ट बसते. एक भाग शाडूला तीन भाग बागेची माती ठेवा.

"बाप्पा गावाला गेले, पुढच्या वर्षी येणार, रडायचं नाही" यातलं पहिलं म्हणा, दुसरंही म्हणा, तिसरं गाळा.

---

मन_आणि_मूल

शाडू दादा, सुरेख. एकच जोड. विसर्जनाला आनंद आणि दुःख दोन्ही असतात, नाचणंही आणि रडणंही. पण एकाच वेळी दोन विरुद्ध भावना असतात हे समजायला सहा-सात वर्षं उजाडतात. म्हणून एकामागून एक सांगा: "नाचताना मजा आली. बाप्पा पाण्यात गेले तेव्हा वाईट वाटलं."

---

भुलाबाई_सावनेर

भुलाबाई कोणी घेतलीच नाही! भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज गाणी आणि शेवटी खिरापत ओळखणं. उत्सुकता आणि हिरमोड शिकवायला तयार खेळ आहे हा. मुलं-मुली सगळ्यांनी खेळावा.

झाकणाचा अपारदर्शक डबा. आधी हलवून आवाज, मग झाकण किलकिलं करून वास, मग एक इशारा: गोड, तिखट की आंबट. प्रत्येकाला एकच अंदाज. वाट बघताना विचारा, "पोटात काय होतंय? पाय हलताहेत?" ती उत्सुकता. अंदाज चुकला की "हिरमोड झाला." पूर्ण खेळ तीन-चार मिनिटांत संपवा. त्यापुढे उत्सुकता संपून वैताग सुरू होतो. २५ मुलं असतील तर पाच-पाचचे गट करा. पदार्थ मऊ ठेवा: केळं, मुरमुऱ्याचा चिवडा दाण्यांशिवाय, साखर-खोबरं बारीक किसून. चार वर्षांच्या आतल्यांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. संक्रांतीच्या कडक चिक्कीलाही हेच लागू.

---

आई_त्रिमूर्तीनगर

फटाक्यांचं काय? कानावर हात ठेवून पलंगाखाली जाणाऱ्या मुलाला दिवाळीआधी तयार कसं करायचं?

---

मन_आणि_मूल

तीन आठवडे आधी सुरू करा. मोबाइलवर फटाक्यांचा आवाज रेकॉर्ड केलेला हवा, आणि आवाजाचं बटण मुलाच्या हातात. हीच मुख्य अट. रोज पाच मिनिटं, आवडता खेळ चालू असताना.

पहिले काही दिवस जेमतेम ऐकू येईल इतका. मूल खेळत राहिलं, खांदे सैल राहिले, की दुसऱ्या दिवशी एक खूण वर. दचकलं तर एक खूण खाली, आणि तिथेच दोन दिवस. पुढची पायरी, आवाज दुसऱ्या खोलीतून. मग खिडकी उघडी ठेवून लांबचा खरा फटाका. घाई केली तर आधीचे आठवडेही वाया जातात, कारण भीती परत पहिल्या जागी जाते.

सोबत मोजमाप. एक ते दहा आकड्यांत भीती सांगणं या वयात जमत नाही. तीन पणत्या ठेवा: लहान, मधली, मोठी. "आत्ता भीती कोणत्या पणतीएवढी?" साडेचार-पाचच्या पुढची मुलं बोट ठेवून बरोबर सांगतात. पेटवायच्या नाहीत, पिवळ्या कागदाची ज्योत लावा. हाच संच रागालाही चालतो, आणि लहान पणतीवर असतानाच मुलाने सांगितलं तर मदत करणं सोपं जातं.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री कान झाकणारे मोठे हेडफोन द्या, कापसाचे बोळे नकोत. आतली खोली, पंखा चालू. आवाजाची भीती वर्षभर असेल, मिक्सर, शिट्टी, प्रेशर कुकरलाही असेल, किंवा त्यामुळे जेवण-झोप बिघडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. उपक्रमांच्या भरवशावर राहू नका.

---

पतंग_जरीपटका

संक्रांत थोडक्यात. वर्तमानपत्राचा ३० सेंटिमीटरचा चौकोनी पतंग, मांजा नाही, दोन मीटर लोकर. नायलॉन मांजावर बंदी आहेच आणि साधा मांजाही लहान बोटांसाठी नाही. प्रत्येक मुलाने पतंगावर चेहरा काढायचा. मैदानात धावायचं. थोड्या वेळाने ताईंनी स्वतःच्या पतंगाची लोकर कात्रीने कापायची, "ओ काट!", आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं: "माझा पतंग गेला. हिरमोड झाला माझा. मी एक मिनिट बसते, मग दुसरा घेते." मुलांचा पतंग कापू नका. मोठ्या माणसाला वाईट वाटतं आणि ते सांगता येतं, हे बघणंच त्यांच्यासाठी धडा आहे.

होळीला एकच नियम खेळून घ्या: "रंग लावू?" असं विचारायचं, "नको" म्हटलं तर हात मागे. पळसाची दोन ओंजळी फुलं एक लिटर पाण्यात १५ मिनिटं उकळून रात्रभर ठेवा, केशरी पाणी मिळतं. ज्यांना ओला रंग नकोसा वाटतो त्यांना ब्रश आणि कागद द्या. किळस हीसुद्धा भावना आहे, हट्टीपणा म्हणू नका.

---

अंगणवाडी_कामठी

सगळं वाचून एक विचारते जी. आमच्याकडे निम्मी मुलं घरी हिंदी बोलतात, काही छत्तीसगढी, दोन-तीन गोंडी. हिरमोड, उत्सुकता हे शब्द त्यांना कुठून यायचे? आणि काही घरांत पोळा-गणपती नसतोच. १४ ऑक्टोबर आणि विजयादशमीला काहींच्या घरची मंडळी दीक्षाभूमीला जातात, काहींच्या घरी ईद मोठी.

---

मन_आणि_मूल

ताई, भावनेचं नाव आधी घरच्या भाषेत पक्कं होऊ द्या. "डर लग रहा है" म्हणणाऱ्या मुलाला "भीती म्हण" असं दुरुस्त करू नका. तुम्ही फक्त पुढे म्हणा, "हो, भीती वाटतेय." तक्त्यावर चेहऱ्याखाली तिन्ही-चारही भाषांतले शब्द लिहा. ते पालकांकडूनच विचारून घ्या. आईने सांगितलेला शब्द वर्गात ऐकू आला की मूल पटकन बोलतं होतं. हिरमोड, उत्सुकता अडत असतील तर शरीराची वाक्यं वापरा, ती कोणत्याही भाषेत चालतात: पोटात गोळा, गाल गरम, पाय थांबत नाहीत.

सणांचं म्हणाल तर वर्षाच्या सुरुवातीला पालकांना दोन प्रश्न विचारा: तुमच्या घरचा सगळ्यात मोठा दिवस कोणता, आणि त्या दिवशी मूल कशाने बिथरतं? ईदची वाट बघतानाची चंद्राची उत्सुकता आणि खिरापतीच्या डब्याची उत्सुकता, शब्द एकच लागतो. दीक्षाभूमीची गर्दी असो वा रामनवमीची शोभायात्रा, हरवण्याची भीती तीच. तिथे तालीम अशी: हात सुटला तर जागेवर थांबायचं, मोठ्याने आईबाबांचं पूर्ण नाव घ्यायचं, खिशात फोन नंबरची चिठ्ठी आहे हे पोलिसकाकांना किंवा मूल कडेवर असलेल्या एखाद्या काकूंना सांगायचं. वर्गात पाच मुलांना गर्दी करा, एकाला हरवू द्या, पाळीपाळीने.

---

बालवाडी_महाल (धागाकर्ती)

मारबतीची मूळ कल्पना रद्द, डासांचा बडग्या पक्का. पोळ्याच्या आठवड्याचा क्रम असा लावते: सोमवारी आरसा आणि भुवया, मंगळवारी नंदीचा चेहरा, बुधवारी बाहुल्या आणि पेढा, गुरुवारी बडग्या. शाडूच्या मूर्ती मात्र वाळायला वेळ हवा म्हणून आदल्या शुक्रवारीच करून घेते. इतवारी दादा, लगद्यात मेथीची पूड किती, आणि दमट हवेत बुरशी येते त्याला काय करता?

---

इतवारी_कागदकाम

पिळलेला लगदा अर्धा किलो असेल तर मेथीपूड दोन मोठे चमचे, रात्रभर भिजवून वाटलेली. खळ शिजवताना त्यात चिमूटभर मोरचूद घालतात लोक, पण ते विषारी आहे, मुलांच्या कामात बिलकुल नको. त्याऐवजी मीठ एक मोठा चमचा आणि थर पातळ, अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नाही. जाड थर वरून वाळतो, आत ओला राहतो, तिथेच बुरशी धरते. पंख्याखाली जाळीवर वाळवा, ताटात ठेवू नका, आणि दिवसातून दोनदा उलटा.